स्वादुपिंडदाह झालेल्या कुत्र्याचा आहार: चरबीचा हिशेब कसा मांडावा

स्वादुपिंडदाहातून, म्हणजेच पॅन्क्रिअॅटायटिसमधून सावरलेला कुत्रा घरी परततो तेव्हा दवाखान्यातून मिळालेली आहाराची सूचना बहुधा दोनच शब्दांची असते: कमी चरबी. सूचना बरोबर असते, पण तेवढ्यावर रोजचे जेवण ठरत नाही. कमी म्हणजे किती ग्रॅम, कशाच्या मानाने कमी, आणि समोरच्या पाकिटातले खाद्य त्या मापात बसते की नाही हे कसे ओळखायचे, हे प्रश्न पहिल्याच जेवणाच्या वेळी उभे राहतात. चरबी डोळ्यांना दिसत नाही, पाकिटावरचा टक्का पुष्कळदा फसवतो आणि घरातल्या चार माणसांनी प्रेमाने दिलेला एकेक घास कुठेच नोंदला जात नाही. म्हणून पुढचे बरेचसे विवेचन हिशेबाचे आहे. तो एकदा नीट मांडला की रोजचे काम फारसे अवघड राहत नाही.

हे सगळे निदान झालेल्या आणि पशुवैद्यांच्या देखरेखीखाली असलेल्या कुत्र्यासाठी लिहिले आहे. कुत्रा पुन्हापुन्हा उलट्या करत असेल, पोटाला हात लावू देत नसेल, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर उचलून ताणून उभा राहत असेल, २४ तास काहीही खात नसेल किंवा मलूल होऊन पडून राहत असेल, तर आहार बदलून पाहण्याची ती वेळ नव्हे. अशा वेळी थेट दवाखाना गाठावा.

आजाराविषयी थोडे

स्वादुपिंड ही जठर आणि लहान आतड्याची सुरुवात यांना लागून असलेली ग्रंथी आहे. ती इन्शुलिन बनवते आणि अन्न पचवणारी विकरेही बनवते. ही विकरे ग्रंथीत असताना निष्क्रिय असतात आणि आतड्यात पोचल्यावर कामाला लागतात. स्वादुपिंडदाहात ती ग्रंथीच्या आतच सक्रिय होतात आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. त्यातून येणारी सूज, वेदना आणि उलट्या हे सगळे या एका बिघाडाचे परिणाम आहेत. बऱ्याच कुत्र्यांमध्ये नेमके कारण सापडत नाही. तरीही कचऱ्याच्या डब्यातले किंवा ताटातले तेलकट अन्न अचानक भरपूर खाणे, लठ्ठपणा, मधुमेह, थायरॉइडची कमतरता, कुशिंग रोग (शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक जास्त बनणे) आणि रक्तातील ट्रायग्लिसराइडचे, म्हणजे रक्तात फिरणाऱ्या चरबीचे, प्रमाण वाढलेले असणे या गोष्टी धोका वाढवतात, हे माहीत आहे. मिनिएचर श्नाउझर या जातीत ट्रायग्लिसराइड वाढण्याचा कल उपजतच असतो, म्हणून तिच्याबाबत अधिक सावध राहावे लागते. फेफऱ्यासाठी दिली जाणारी पोटॅशियम ब्रोमाइड आणि फेनोबार्बिटाल ही औषधेही या आजाराशी जोडली गेली आहेत. कुत्र्याला ती चालू असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे, मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

अन्नातील चरबी लहान आतड्यात पोचली की तिथून सुटणारे संप्रेरक स्वादुपिंडाला विकरे सोडण्याची सूचना देते. चरबी कमी ठेवण्यामागे या सूजलेल्या ग्रंथीवरचा ताण हलका करण्याचा विचार आहे. शिवाय आहारातली चरबी घटली की ज्यांचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असतात त्यांच्या रक्तातही फरक पडतो, आणि माझ्या मते अशा कुत्र्यांसाठी हे दुसरे कारण पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे.

पहिले काही दिवस

पूर्वी अशा कुत्र्याला दोन-तीन दिवस, कधी त्याहून अधिक काळ, पूर्ण उपाशी ठेवण्याची पद्धत होती. ग्रंथीला विश्रांती मिळावी हा त्यामागचा हेतू. आता मात्र उलट्या औषधांनी आटोक्यात आल्या की शक्य तितक्या लवकर थोडेथोडे अन्न सुरू करण्याकडे कल आहे, कारण आतड्याच्या आतल्या अस्तराचे पोषण आतून जाणाऱ्या अन्नावर होते आणि लांबलेल्या उपासाने ते अस्तर दुबळे होते. त्यामुळे कुणी जुन्या अनुभवावरून ‘चार दिवस काही देऊ नका’ असा सल्ला दिला, तर तो आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अमलात आणू नये.

किती द्यायचे हे ठरवण्यासाठी कुत्र्याची विश्रांतीतली ऊर्जेची गरज काढावी लागते. सूत्र असे आहे: किलोमधले वजन तीनदा एकमेकांशी गुणावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, त्या उत्तराचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि ७० ने गुणावे. फोनमधल्या साध्या कॅल्क्युलेटरवर हे अर्ध्या मिनिटात होते. १० किलोच्या कुत्र्यासाठी १० गुणिले १० गुणिले १० म्हणजे १,०००, त्याचे वर्गमूळ ३१.६, पुन्हा वर्गमूळ ५.६२, आणि ७० ने गुणल्यावर दिवसाला ३९४ किलोकॅलरी. याच रीतीने ५ किलोच्या कुत्र्याची गरज सुमारे २३४ आणि २० किलोच्या कुत्र्याची सुमारे ६६२ येते. वजन दुप्पट झाले तरी गरज दुप्पट होत नाही, हे इथे लक्षात येईल. लहान कुत्र्याचे प्रमाण सरळ दुप्पट करून मोठ्या कुत्र्याला दिले तर ते जास्त होते, ते यामुळेच.

पहिल्या दिवशी या गरजेचा पाव भाग, दुसऱ्या दिवशी निम्मा, तिसऱ्या दिवशी पाऊण आणि सगळे सुरळीत असेल तर चौथ्या दिवशी पूर्ण, असा चढता क्रम ठेवता येतो. दिवसभराचे अन्न चार ते सहा वेळांत विभागावे. १० किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी १०० किलोकॅलरी पुरतात. उकडलेली कोंबडी आणि भात यांच्या मिश्रणाचे हे साधारण ७० ग्रॅम होतात आणि पाच वेळांत वाटले तर एका वेळेला जेमतेम मोठा चमचाभर अन्न येते. वाडग्याच्या तळाशी पडलेला तो एवढासा ढीग पाहून जीव कळवळतो आणि हात आपोआप आणखी एका चमच्याकडे जातो. तो आवरावा. त्या दिवशी एवढेच अन्न पोटात टिकणे ही मोठी प्रगती असते. उलटी झाली तर पुढच्या वेळी अन्नाचे प्रमाण न वाढवता डॉक्टरांना कळवावे. पाणीही एकदम भरपूर न ठेवता थोड्या-थोड्या वेळाने थोडे थोडे द्यावे, कारण रिकाम्या पोटी ढसाढसा प्यायलेले पाणीसुद्धा उलटून पडते.

पाकिटावरचा टक्का आणि खरी चरबी

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून हा भाग जरा विस्ताराने लिहीत आहे.

समजा, दुकानात दोन खाद्ये समोर आहेत. कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर चरबी ७ टक्के लिहिली आहे आणि डबाबंद ओल्या खाद्यावर ५ टक्के. कोणीही डबा उचलेल. पण डब्यातल्या खाद्यात ७८ टक्के पाणी आहे आणि कोरड्यात १० टक्के. पाणी वजा केले तर डब्यात खरे अन्न उरते २२ टक्के आणि त्यातले ५ भाग चरबी, म्हणजे कोरड्या वजनाच्या हिशेबाने २२.७ टक्के. कोरड्या दाण्यांत ९० पैकी ७ भाग, म्हणजे ७.८ टक्के. कमी वाटलेले खाद्य प्रत्यक्षात जवळजवळ तिप्पट चरबीचे निघाले. रीत सोपी आहे: १०० मधून ओलाव्याचा टक्का वजा करायचा, चरबीच्या टक्क्याला त्या उत्तराने भागायचे आणि १०० ने गुणायचे.

यापेक्षाही भरवशाचे माप म्हणजे दर १,००० किलोकॅलरीमागे किती ग्रॅम चरबी आहे ते पाहणे, कारण कुत्रा शेवटी कॅलरीच्या गरजेप्रमाणे जेवतो आणि त्या कॅलरींबरोबर किती चरबी पोटात जाते एवढेच आपल्याला जाणून घ्यायचे असते. त्यासाठी १०० ग्रॅम खाद्यातील चरबीच्या ग्रॅमना त्याच १०० ग्रॅममधील किलोकॅलरींनी भागावे आणि १,००० ने गुणावे. वरच्या कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला ३४० किलोकॅलरी असतील तर ७ भागिले ३४० गुणिले १,०००, म्हणजे २०.६ ग्रॅम. ओल्या डब्यात १०० ग्रॅमला १०० किलोकॅलरी असतील तर हाच आकडा ५० ग्रॅमवर जातो. पाकिटावर कॅलरी किलोमागे दिल्या असतील तर त्यांना १० ने भागून १०० ग्रॅमचा आकडा मिळतो.

प्रौढ कुत्र्यांच्या सर्वसाधारण कोरड्या खाद्यात हे प्रमाण बरेचदा ३५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान असते. पचनाच्या विकारांसाठी डॉक्टर लिहून देतात त्या कमी चरबीच्या खाद्यात ते १७ ते २५ ग्रॅमच्या आसपास असते. आपल्या कुत्र्यासाठी नेमकी मर्यादा डॉक्टरांनी ठरवावी, पण २० च्या जवळपास राहणारे खाद्य बहुतेकांसाठी कमी चरबीचे म्हणता येते. आणखी एक गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे, ती म्हणजे आजारापूर्वी कुत्रा काय खात होता. आधीच ३० ग्रॅमच्या खाद्यावर असताना ज्याला हा आजार झाला, त्याला २८ ग्रॅमचे खाद्य देऊन काही साधणार नाही.

लेबलवर ‘किमान’ असे लिहून चरबीचा आकडा दिलेला असेल तर सावध व्हावे. किमान ८ टक्के म्हणजे ८ किंवा त्याहून जास्त, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी कंपनीच्या ग्राहक-कक्षाला पत्र लिहून प्रत्यक्ष विश्लेषणातला चरबीचा आणि कॅलरीचा आकडा मागावा. आकडा द्यायला जो उत्पादक टाळाटाळ करतो, त्याचे खाद्य अशा कुत्र्याला न दिलेलेच बरे. ‘लाइट’ किंवा ‘चरबी घटवलेले’ या शब्दांवरही विसंबू नये, कारण ते बहुधा त्याच कंपनीच्या दुसऱ्या खाद्याशी केलेल्या तुलनेचे असतात. वजन घटवण्याच्या खाद्यात चरबी कमी असते हे खरे, पण तंतू भरपूर आणि कॅलरी कमी असतात. लठ्ठ कुत्र्याला ते चालते, आजाराने खंगलेल्या कुत्र्याला नाही. पिल्लांचे आणि मांजरांचे खाद्य मात्र दोन्ही बाबतींत वर्ज्य समजावे. घरात मांजर असेल तर तिचा वाडगा कुत्र्याच्या पोहोचीबाहेर, उंचावर ठेवावा. कितीतरी घरांत कुत्र्याचा आहार काटेकोर सांभाळला जातो आणि रात्री मांजराच्या ताटलीत तो सगळा वाया जातो.

घरी शिजवायचे असेल तर

उकडलेली कोंबडी आणि भात हे पहिल्या आठवड्याचे चांगले अन्न आहे, पण त्याचे प्रमाण आणि कृती दोन्ही सांभाळावी लागतात. १० किलोच्या कुत्र्याची विश्रांतीची पूर्ण गरज भागवायला शिजलेली कोंबडी सुमारे ९३ ग्रॅम आणि शिजलेला पांढरा भात सुमारे १८५ ग्रॅम लागतो. कच्च्या मापात हे साधारण १२५ ग्रॅम कोंबडी आणि ६५ ग्रॅम तांदूळ होतात. भात कोरडा मोजलेला बरा, कारण आजारी कुत्र्यासाठी तो जास्त पाणी घालून मऊ शिजवला जातो आणि पाण्याने त्याचे वजन किती वाढले याचा नेम राहत नाही.

कोंबडीचा छातीचा भागच घ्यावा. कातडी पूर्ण काढावी आणि मांसाच्या कडेला चिकटलेल्या पिवळसर चरबीचे तुकडे सुरीने खरवडून टाकावेत. साध्या पाण्यात, मीठ, कांदा, लसूण किंवा मसाला न घालता, आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत उकडावे. थंड झाल्यावर हाताने तंतू सुटे करून बारीक तोडावे आणि भातात नीट कालवावे, नाहीतर कुत्रा मांस तेवढे वेचून खातो आणि भात मागे ठेवतो. छातीच्या मांसाचा एक भाग आणि भाताचे दोन भाग वजनाने घेतले की १,००० किलोकॅलरीमागे चरबी जेमतेम १० ग्रॅम येते. त्याच प्रमाणात कातडीसह मांडीचे मांस घेतले तर ती सुमारे ३२ ग्रॅम होते. भांडे तेच, पाणी तेच, कोंबडीही तीच, पण तुकडा बदलला आणि चरबी तिपटीहून अधिक झाली.

उकडलेले पाणी टाकून देण्याची गरज नाही. ते गाळून भांड्यात भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वर पांढरट, मेणासारखा थर गोठलेला दिसतो. चमच्याच्या कडेने तो उचलला की बहुधा एका पापुद्र्यात निघून येतो आणि खाली लपलपणारे, स्वच्छ पाणी उरते. भांड्याच्या काठाला चिकटलेले चरबीचे कण कागदी रुमालाने टिपून घ्यावेत. हे पाणी कोमट करून दोन चमचे दाण्यांवर घातले तर बेचव वाटणाऱ्या खाद्याकडेही कुत्रा वळतो. विकतचे तयार सूप मात्र वापरू नये, कारण त्यात कांदा-लसूण असण्याची शक्यता असते आणि ते दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत.

कोंबडी न मानवणाऱ्या कुत्र्याला पांढऱ्या मांसाचे कमी चरबीचे मासे, कातडी काढलेली टर्कीची छाती किंवा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग देता येतो. भाताऐवजी साल काढून उकडलेला बटाटा चालतो. अंड्याच्या एका बलकात जवळजवळ ५ ग्रॅम चरबी असते, म्हणून तो बाजूला काढावा. सामन माशाची ख्याती कितीही चांगली असली तरी तो चरबीयुक्त मासा आहे. खिमा घेताना ‘९० टक्के चरबीमुक्त’ या शब्दांनी हुरळून जाऊ नये. उरलेले १० टक्के वजनाचे आहेत, आणि कॅलरींच्या मापाने पाहिले तर अशा खिम्यातली निम्मी ऊर्जा चरबीतूनच येते.

कोंबडी-भात दीर्घकाळचा आहार होऊ शकत नाही, आणि हे मी आग्रहाने सांगते. त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते, आयोडीन, जस्त, ड जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व अपुरे असते, आणि गंमत म्हणजे चरबीसुद्धा गरजेपेक्षा कमी असते. आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मानकानुसार प्रौढ कुत्र्याच्या पूर्ण आहारात १,००० किलोकॅलरीमागे किमान १३.८ ग्रॅम चरबी असायला हवी. काही स्निग्धाम्ले, म्हणजे चरबीचे घटक, कुत्र्याच्या शरीरात तयार होत नाहीत, ती अन्नातूनच मिळावी लागतात, आणि ती न मिळाल्यास कातडी कोरडी पडते, केस निस्तेज होतात. म्हणून चरबी कमी करायची आहे, शून्य नाही. आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे घरचेच अन्न द्यायचे असेल तर पशुपोषणतज्ज्ञाकडून त्या कुत्र्यासाठी खास पाककृती लिहून घ्यावी आणि तीत सांगितलेली पूरक द्रव्ये ग्रॅमच्या काट्यावर मोजून घालावीत. इंटरनेटवरची पाककृती आणि अंदाजाने टाकलेली कॅल्शियमची चिमूट यांनी ते काम होत नाही.

खाऊ, गोळ्या आणि घरातली माणसे

बरा होऊन हिंडूफिरू लागलेल्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ५०० किलोकॅलरी लागतात असे धरले आणि मर्यादा १,००० किलोकॅलरीला २० ग्रॅम ठेवली, तर संपूर्ण दिवसाची चरबी होते १० ग्रॅम. आता गोळी लपवायला घेतलेला शेंगदाण्याच्या बटरचा एक मोठा चमचा पाहा: त्यात ८ ग्रॅम चरबी आहे. चीजचा ३० ग्रॅमचा तुकडा १० ग्रॅम घेऊन येतो, म्हणजे दिवसाचा सगळा वाटा एका घासात संपतो, आणि जेवणातली चरबी त्याच्यावर अधिक. वाळवलेले कान, चघळायच्या काड्या, हाडे आणि गोळी भरायला मिळणारे मऊ खाऊ यांचे गणितही यापेक्षा फार वेगळे नसते.

गोळी उकडलेल्या बटाट्याच्या छोट्या गोळ्यात, अंड्याच्या पांढऱ्या भागात किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या कमी चरबीच्या ओल्या खाद्याच्या सुपारीएवढ्या तुकड्यात देता येते. बक्षीस म्हणून गाजराची चकती, काकडी, उकडलेल्या फरसबीच्या शेंगा किंवा बिया काढलेल्या सफरचंदाची फोड चालते. द्राक्षे, बेदाणे, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य) असलेला कोणताही पदार्थ मात्र कधीच देऊ नये. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे सकाळीच दिवसाच्या मोजलेल्या दाण्यांतून मूठभर बाजूला काढून डबीत ठेवायचे आणि दिवसभर खाऊ म्हणून तेच द्यायचे. खाऊची एकूण ऊर्जा दिवसाच्या एक दशांशाच्या आत राहावी.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलकडे औषध म्हणून पाहिले जाते, पण १ ग्रॅमची कॅप्सूल म्हणजे १ ग्रॅम चरबीच. काही कुत्र्यांत ट्रायग्लिसराइड कमी करण्यासाठी डॉक्टर ती मुद्दाम देतात, तेव्हा ती जरूर द्यावी, पण हिशेबात धरावी. केस चमकदार दिसावेत म्हणून कुणी जेवणावर तेल घालत असेल तर ते बंद करावे.

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे एकदा सांगणे वाडगा मोजण्याइतकेच गरजेचे आहे. आमच्याकडे फ्रिजवर एक कागद चिकटवला होता आणि कुत्रीला कोणी काय दिले ते प्रत्येकाने त्यावर लिहायचे, असा नियम होता. पहिल्या आठवड्यात तो कागद वाचून आम्हीच ओशाळलो. कोणीही फार काही दिले नव्हते, पण पाच जणांचे ‘एवढेसेच’ मिळून तिच्या जेवणाइतके झाले होते. कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण बसवावे किंवा तो बंद कपाटात ठेवावा, आणि पाहुणे येणार असतील त्या दिवशी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवण्यात संकोच मानू नये.

खात नसेल तर

चरबी कमी झाली की चव कमी होते, त्यामुळे कुत्रा वाडग्याकडे पाठ फिरवणे साहजिक आहे. अन्न कोमट करावे, वर सांगितलेले चरबी काढलेले पाणी थोडे घालावे, वाडगा उथळ घ्यावा, थोड्या वेळाने उचलून पुढच्या वेळी ताजे द्यावे. तोंडाजवळ नेलेल्या अन्नापासून मान वळवून कुत्रा सारखे ओठ चाटत असेल, लाळ गाळत असेल, तर त्याला चवीचा नखरा समजू नये. ती मळमळ आहे, आणि तिला औषध लागते. सिरिंजने जबरदस्तीने अन्न घालू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो आणि मळमळत असताना कोंबलेल्या अन्नाचा कुत्र्याला पुढे कायमचा तिटकारा बसू शकतो. दवाखान्यात नाकातून बारीक नळी घालून अन्न देण्याची सोय असते आणि ती दिसते तितकी त्रासदायक नसते.

नव्या खाद्यावर नेताना साधारण आठवडाभर घ्यावा: आधी चौथाई नवे, मग निम्मे, मग पाऊण. इथे एक पोटनियम आहे. जुने खाद्य चरबीचे असेल तर ते मिसळत बसू नये. कोंबडी-भातावर असलेल्या कुत्र्याला तिथूनच थेट नव्या खाद्याकडे न्यावे.

हा आहार किती काळ

याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही. कचऱ्याचा डबा उलथून तेलकट काही खाल्ले आणि एकदाच आजार झाला, अशा कुत्र्याला पूर्ण बरे वाटल्यावर डॉक्टरांच्या संमतीने काही आठवड्यांनंतर मध्यम चरबीच्या खाद्याकडे हळूहळू नेता येते. ज्याला आजार पुन्हापुन्हा होतो, ज्याची सूज जुनाट झाली आहे किंवा ज्याचे ट्रायग्लिसराइड वाढलेले आहे, त्याच्यासाठी कमी चरबी बहुधा आयुष्यभराची असते. ट्रायग्लिसराइडच्या तपासणीसाठी १२ तास उपाशी ठेवून रक्त घ्यावे लागते, नाहीतर आदल्या जेवणाची चरबीच त्यात मोजली जाते. स्वादुपिंडाच्या विशिष्ट लायपेजची, म्हणजे चरबी पचवणाऱ्या विकराची, रक्तचाचणी केली असेल तर तिचा आकडाही जपून ठेवावा. २०० पर्यंतचा आकडा सामान्य, ४०० आणि त्यावरचा या आजाराशी जुळणारा, आणि मधला संदिग्ध मानला जातो. मात्र तो एकटा पाहून आहार बदलू नये, कुत्र्याची भूक, उलट्या आणि पोटदुखी यांच्याशी तो ताडून पाहायचा असतो.

दर आठवड्याला एकाच काट्यावर, एकाच वेळी वजन करावे. लठ्ठ कुत्र्याचे वजन आठवड्याला एक टक्क्याच्या आसपास घटणे चांगले. सडपातळ कुत्र्याचे घटत असेल तर कमी चरबीच्याच खाद्याचे प्रमाण वाढवावे, चरबी वाढवून भरपाई करू नये. मधुमेहही असेल तर जेवणाच्या वेळा इन्शुलिनशी बांधलेल्या असतात आणि त्यांत स्वतःहून फेरफार करता येत नाही. मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर अडचण खरी आहे, कारण मूत्रपिंडासाठीच्या खाद्यांत प्रथिने मर्यादित ठेवताना ऊर्जा भरून काढायला पुष्कळदा चरबी वाढवलेली असते. अशा वेळी दोन पाकिटांतले थोडे-थोडे मिसळून तोडगा काढू नये, पोषणतज्ज्ञाकडेच जावे.

कुत्रा अधाशासारखा खात असूनही वजन उतरत असेल आणि विष्ठा भरपूर, फिकट, मऊ व तेलकट दिसत असेल, तर ग्रंथीचा बराचसा भाग निकामी होऊन पाचक विकरे कमी पडत असल्याची शक्यता असते. त्यासाठी वेगळी रक्तचाचणी आहे आणि उपायही आहे: विकरांची भुकटी प्रत्येक जेवणात मिसळून आयुष्यभर द्यावी लागते. अशी विष्ठा दिसल्यास तिचा फोटो आणि मागच्या चार आठवड्यांच्या वजनाचे आकडे घेऊन डॉक्टरांकडे जावे.